माशाला कात्री कुणी दिली?

धाकटी: ...म्हणून मी म्हणते, होडी जुन्या पुलाखालीच टाकू. त्याच्या वरच्या अंगाला टाकली तर पहिल्याच खळाळात दगडांवरून खरडत न्यावी लागेल. मग रबर फाटणार, आणि ठिगळ लावायला दादा थोडाच बसणारे? मीच बसणार.

दादा: पण वरच्या डोहात मासे आहेत गं.

धाकटी: असू देत की. मासे आहेत म्हणून नदीला पाणी येत नाही. सकाळी पुलाच्या खांबावरची पट्टी बघूनच आलेय मी, पाणी पार खाली गेलंय. एक गाडी पुलाशी ठेवायची, दुसरी खाली गिरणीच्या धक्क्याशी. आणि या वेळी खालच्या गाडीची किल्ली वरच्या गाडीत विसरायची नाही.

दादा: ते एकदाच झालं.

धाकटी: एकदाच झालं, पण ओल्या बुटांनी रस्ताभर चालत कोण गेलं?

वहिनी: तुमची नदी ठरली असेल तर मला एक सांगा. ही कुणाची?

दादा: काय कुणाची?

वहिनी: ही गळावरची माशी. तुमच्या टोपीला ती लोकरीची पट्टी आहे ना, तिच्यात टोचलेली होती. टोपी धुवायला घेतली तर बोटात घुसली माझ्या.

दादा: तुझीच असेल. या घरात दुसरं कोण बांधतं माश्या?

वहिनी: तेच म्हणतेय मी. या घरात माश्या मी बांधते. लग्न झाल्यापासून याच टेबलाशी बसून गळावर पीस आणि दोरा गुंडाळतेय, माशाला खरा किडा वाटावा म्हणून डोळे ताणतेय. माझ्या हातची माशी मी डोळे मिटून ओळखेन. ही माझी नाही.

दादा: बघू. हं. इथे उजेड जरा कमी आहे.

वहिनी: खिडकी सताड उघडी आहे. ऊन तुमच्या नाकावर पडलंय.

दादा: तशी तुझ्यासारखीच वाटते.

वहिनी: माझ्यासारखी? हे पीस रंगवलेलं आहे. मी कधी रंगवलेलं पीस हातात तरी धरलंय? आणि हे डोकं बघा, लालभडक दोरा, वर चकचकीत वार्निश. दुकानात काचेखाली उठून दिसावं म्हणून लावतात तसलं. हे माशासाठी केलेलंच नाही, गिऱ्हाइकासाठी केलंय. कुठून आली?

दादा: अगं, नदीवर एक जण भेटला होता. त्याने दिली.

वहिनी: कोण एक जण?

दादा: होता कुणीतरी. उंच होता.

वहिनी: मिशी होती का त्याला?

दादा: होती वाटतं.

वहिनी: आणि दिसला माणूस की त्याच्या टोपीत माशी टोचत सुटतो का तो? वन्सं, होडी तुम्ही वल्हवत होतात. तुम्हाला दिसला असेलच हा मिशीवाला.

धाकटी: तू मला वन्सं म्हणालीस म्हणजे मी आता घरी जावं हे बरं.

वहिनी: बसा. नकाशात तोंड घालू नका. होता का कुणी?

धाकटी: वहिनी, मी वल्हवते तेव्हा पाठ पुढे असते की तोंड, माझं मलाच कळत नसतं.

वहिनी: म्हणजे नव्हता.

दादा: तिला कशाला मध्ये ओढतेस? एक माशी ती काय. माझ्या टोपीत दुसऱ्याची एक माशी निघाली म्हणून एवढं, जसं काही मी...

वहिनी: बोला ना. जसं काही काय? पूर्ण करा वाक्य.

दादा: काही नाही.

वहिनी: एक असती तर मी गिळलं असतं. पण ही निघाल्यावर मी तुमची डबी काढली. ही बघा. मागच्या फेरीहून आणलेली. परवा दारात उभं राहून काय म्हणालात? "तुझ्या तपकिरी माशीने आज कमाल केली, माशांनी पार चावून टाकलं बिचारीला." म्हणालात की नाही?

दादा: म्हणालो असेन.

वहिनी: ही ती बिचारी. जवळून बघा. माशाचे दात कसे असतात? बारीक असतात, आत वळलेले. तो माशी घेतो, मान झटकतो, तेव्हा पीस कुसकरतं, त्याचे धागे पिंजतात, दोऱ्याला कुसं निघतात. आणि हिला काय झालंय? इकडे सरळ रेघ, तिकडे सरळ रेघ. न्हाव्याने मानेवरचे केस कापावेत तशी. माशाला कात्री कुणी दिली?

धाकटी: दादा, मी सांगितलं होतं तुला.

दादा: तू गप्प बस.

वहिनी: तिने काय सांगितलं होतं?

दादा: काही नाही गं. कधी कधी मासा एका बाजूनेच चावतो.

वहिनी: आणि मग दुसरा येऊन दुसरी बाजू समान करून जातो? माझी छोटी कात्री वर्षभर सापडत नव्हती. शिवणाच्या डब्यात बघितली, देवाच्या कप्प्यात बघितली, कामाच्या बाईला उगीच दोनदा विचारलं, तिचा चेहरा उतरला. तुम्ही माझ्याबरोबर पलंगाखाली वाकून शोधलीत. वाकून! टॉर्च धरून! आज ती तुमच्या मासेमारीच्या जाकिटात निघाली. आतल्या खिशात.

दादा: ती तिथे होती होय?

वहिनी: मला वेड्यात काढू नका.

धाकटी: सांगून टाक, दादा. मला आता नाही जमत. वहिनी, हे असं चालायचं बघ. आम्ही गिरणीच्या धक्क्याला लागायचो. मी होडीची हवा काढत बसायची. आणि हा धक्क्यावर उकिडवा बसून तुझी एकेक माशी हातात घ्यायचा, नदीत बुडवायचा, आणि डोळे बारीक करून तिचे केस कापायचा. लोक बघायचे. एकाने तर मला विचारलं, यांचं सगळं ठीक आहे ना म्हणून.

वहिनी: एकूण एक माशी?

धाकटी: थोड्या सोडून द्यायचा. सगळ्या चावलेल्या दिसल्या तर तुला संशय येईल म्हणायचा.

वहिनी: वा. म्हणजे अक्कल चालवून केलंय. आणि मासे? इतकी वर्षं दारात उभं राहून सांगताय, हा एवढा, तो तेवढा, सोडून दिला. ते तरी होते का?

दादा: मासे खरे होते. माशांबद्दल मी कधी खोटं बोललो नाही.

वहिनी: कौतुकच आहे. आणि लागले कशाला?

दादा: त्या दुसऱ्यांना.

वहिनी: लालभडक डोक्याच्यांना.

दादा: हो.

वहिनी: कधीपासून?

दादा: गेल्या हंगामापासून. हा हंगाम आणि गेला.

वहिनी: आणि घेतल्या कुठून? नदीकाठच्या दुकानातून? त्याच दुकानातून, ज्याचा मालक माझ्या माश्या काचेच्या कपाटात ठेवायचा? त्याला काय सांगितलंत?

दादा: पाहुण्यांसाठी हव्यात म्हणालो.

वहिनी: दोन हंगाम पाहुणे. तो काय खुळा आहे? त्याने केव्हाच ओळखलं असेल. म्हणजे दुकानदाराला माहीत, वन्संना माहीत, धक्क्यावरच्या लोकांना माहीत, आणि मी इथे बसून पीस निवडतेय, या रविवारी ढग असतील तर फिकं बरं की गडद. मी एकटी मूर्ख.

दादा: कुणी तुला मूर्ख म्हटलं नाही.

वहिनी: म्हणायला कशाला हवं? कात्री लावलीत की. साधं सांगायचं होतं, दुकानातल्या बऱ्या वाटतात म्हणून. नदीवरच्या लोकांसमोर घरची माशी काढायला लाज वाटते म्हणून. मी रडले असते एक दिवस. नाहीतर दोन. मग सोडून दिलं असतं.

दादा: लाज? तुझ्या माशीची? काहीतरीच काय बोलतेस.

वहिनी: मग काय? मासे लागेनासे झाले?

दादा: तसं नाही.

वहिनी: मग कसं? दर वेळी तसं नाही, तसं नाही. आहे कसं ते एकदा तरी सांगा ना.

दादा: जाऊ दे ना. चुकलं माझं. यापुढे तुझ्याच नेईन. झालं?

धाकटी: झालं नाही. हेच मला नको होतं. दादा, तू माफी मागून परत तेच करणार, आणि मी परत तोंड दाबून वल्ही मारणार. वहिनी, तुझ्या माश्या सुटतात.

वहिनी: काय?

धाकटी: सुटतात. दोन-तीनदा पाण्यावर फेकल्या की डोक्याकडचा दोरा ढिला होतो, पीस गरगर फिरायला लागतं, मग सगळंच उलगडतं. गेल्या हंगामात सुरू झालं. आधी एखादी सुटायची. मग बऱ्याच.

वहिनी: कुणाच्या सुटत नाहीत? माशीच ती. दगडाला आपटते, फांदीत अडकते.

धाकटी: आपटल्याने तुटते. ही तुटत नाही, सुटते. फरक तू मला शिकवलायस.

वहिनी: दोरा खराब आला असेल. त्या वेळचं रीळच तसलं होतं.

दादा: दोरा चांगला होता गं.

वहिनी: तुम्हाला दोऱ्यातलं काय कळतं?

दादा: दोऱ्यातलं नाही कळत. तुझा हात थरथरतो, तेवढं कळतं.

वहिनी: कुणाचा हात थरथरतो?

दादा: हात टेबलाखाली घेऊ नकोस. मी काही बघणार नाही. बघून झालंय माझं केव्हाच.

वहिनी: केव्हा?

दादा: तू कपात अर्धाच चहा ओतायला लागलीस तेव्हा. आधी वाटलं दूध कमी आलं असेल. मग लक्षात आलं, वरण वाढतानाही पळी अर्धीच भरतेस. किल्ली लावताना मला पुढे करतेस. सुईत दोरा शेजारच्या मुलीकडून ओवून घेतेस आणि म्हणतेस चष्म्याचा नंबर बदलला.

वहिनी: चहा अर्धा देते, कारण डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय.

दादा: मला कुठल्या डॉक्टरांनी सांगितलंय? मी वर्षभरात डॉक्टरकडे गेलेलोच नाही.

वहिनी: तुम्हाला नाही. मला.

दादा: तू कधी गेलीस डॉक्टरकडे?

वहिनी: गेले होते एकदा. जाता जाता.

दादा: एकटी?

वहिनी: मग काय वरात काढायची होती?

दादा: आणि काय म्हणाले?

वहिनी: घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले. हाताचा कंप आहे. काहींना होतो. जात नाही, हळूहळू वाढतो. चहा-कॉफी कमी करा, झोप नीट घ्या, एक गोळी लिहून देतो. घेते मी ती. पिठाच्या डब्यामागे ठेवलीय.

दादा: पिठाच्या डब्यामागे. आणि वर मला विचारतेस, मी का लपवलं? मी या घरात राहतो की भाड्याने राहतो? माझ्या बायकोच्या हाताला काहीतरी होतं, ती एकटी जाऊन बसते दवाखान्यात, बाकड्यावर, तिथे नंबर लावून, आणि मी... मी त्या दिवशी कुठे होतो?

वहिनी: नदीवर.

दादा: अर्थात. नदीवरच असणार. मला हाक मारायची नाही. आल्यावर एक शब्द सांगायचा नाही. आणि मी खोटारडा.

धाकटी: दोघंही तसलेच आहात. मी मधल्या मधे.

वहिनी: हात माझा आहे. तो कुणाला कधी दाखवायचा ते मी ठरवणार. पण माशी? ती माझ्या हातून सुटली की ती नदीची. तिचं काय झालं हे मला कळायलाच हवं होतं. पहिली सुटली तेव्हाच. कुठे सुटली पहिली?

दादा: दगडी वळणावर.

वहिनी: थांबा. दगडी वळणावर तुमचा तो मोठा मासा गेला. गेल्या हंगामात. घरी आलात, जेवला नाहीत, म्हणालात गाठ माझीच कच्ची बसली.

दादा: हो.

वहिनी: तो गाठीने गेला नाही.

दादा: नाही. काठीच्या टोकाशी आणला होता त्याला. हिने जाळी पाण्यात घातली होती. मग दोरी एकदम हलकी झाली. ओढून बघितलं तर नुसता गळ, त्याला शेपटीसारखा दोरा लोंबत होता. गळ ओठात रुतलाच नव्हता, दातांत नुसतं पीस होतं, तेच उलगडलं.

धाकटी: मी जाळी धरून तशीच बसले. एवढा मोठा मासा मी त्या नदीत बघितला नव्हता.

वहिनी: आणि मी आठवडाभर तुमची समजूत घालत होते. गाठ चुकते हो कुणाचीही, एवढं काय त्यात.

दादा: तू हसत होतीस.

वहिनी: त्या हसण्यातच समजूत होती. अहो, पण का? त्याच दिवशी येऊन गळ समोर ठेवायचा, म्हणायचं, बघ तुझा पराक्रम. भांडले असते. तुमच्या फेकण्यात दोष काढला असता. आणि रात्री उठून तो गळ बघितला असता.

दादा: सांगणारच होतो. खिशात हात घातला होता गळ काढायला. तू दारातच होतीस. हाताला पिसांचा भुगा लागलेला. म्हणालीस, "चालली का माझी तपकिरी?" आणि चेहरा असा, जसा... खिशातला हात तसाच ठेवला. हो म्हणून टाकलं. एकदा हो म्हटल्यावर पुढच्या वेळी नाही कसं म्हणायचं? मग पुढच्या वेळी. मग कात्री.

वहिनी: एका होसाठी दोन हंगाम कात्री.

दादा: मला वाटलं, तुला कळलं तर तू सोडून देशील. सगळं उचलून माळ्यावर टाकशील. आणि मला ते नको होतं. मी संध्याकाळी घरी येतो आणि तू इथे खिडकीपाशी वाकून बसलेली असतेस, दोरा तोंडात धरून, माझ्याकडे न बघता म्हणतेस, पायपुसण्यावर पाय पुसा. ते गेलं तर मला घरी आल्यासारखं वाटणार नाही. मी घाबरलो. बस.

वहिनी: मी सोडून देईन हे तुम्ही ठरवलंत. मला न विचारता. मीच तिथे बसलेली असताना. सुटली तर दुरुस्त करता येते हो. पण सुटतेय हेच कळलं नाही तर काय दुरुस्त करणार, कप्पाळ? मासा गेला त्याचं मला काही नाही, मासे जातात. पण ही चूक माझी होती. माझ्या हातची. ती तुम्ही परस्पर खिशात घातलीत, आणि तिच्या जागी मला कौतुक आणून दिलंत. खोटं. दर रविवारी. आणि मी ते घेऊन शेजारणीला सांगत होते, आमच्याकडे अजून घरच्याच माश्या चालतात म्हणून.

दादा: काय बोलू आता?

वहिनी: तुम्ही काही बोलू नका. तू सांग. वन्सं नाही, तूच. नीट आठवून सांग. सुटायची तेव्हा डोक्याकडून की शेपटीकडून?

धाकटी: डोक्याकडून. नेहमी डोक्याकडून.

वहिनी: मधला भाग?

धाकटी: मधला घट्ट. पंख पण घट्ट. फक्त शेवटी जिथे तू दोरा फासात घालून ओढतेस ना, तिथून.

वहिनी: शेवटची गाठ. तिथेच. तिथे बोट उचलतं माझं. फास ओढायचा तेव्हा दोरा सारखा ताणलेला हवा, आणि माझं बोट मध्येच उडतं. मला जाणवायचं, पण वाटायचं, बसली. वरून वार्निश दिलं की दिसायचंही बसल्यासारखं. सगळ्याच सुटायच्या?

धाकटी: मोठ्या गळावरच्या कमी. अगदी बारीक होत्या ना, त्या टिकायच्याच नाहीत.

वहिनी: बारीक बंद मग. मोठा गळ, जाड दोरा. गाठ दोनदा मारायची, आणि दोन गाठींच्या मध्ये वार्निश, नुसतं वरून नाही. आणि मनगट हवेत ठेवायचं नाही, टेबलाच्या कडेला टेकवायचं. हे मी गेल्या हंगामातच केलं असतं. बघा, एवढंच होतं. एवढंसं.

दादा: करून बघतेस आता?

वहिनी: मग काय पंचांग बघायचं? तो गळ धरायचा शिकंजा सरकवा इकडे. गळ द्या. हा नाही, त्याच्या वरच्या मापाचा.

दादा: मी हात धरू का तुझा? मनगटाशी?

वहिनी: हात धरायचा नाही. हात माझा मी बघेन. तुम्ही टेबल धरा. या टेबलाचा हा पाय हलतो, मी कधीपासून सांगतेय. माझ्या हातापेक्षा हे टेबल जास्त थरथरतं. सगळं खापर माझ्यावर.

धाकटी: टेबल खरंच हलतं, दादा. नकाशा सारखा सरकतोय.

दादा: उद्या पाचर मारतो.

वहिनी: उद्या नको. आज. होडीला ठिगळ नाही, टेबलाला पाचर नाही, नुसती माश्यांची हजामत येते तुम्हाला.

धाकटी: वहिनी, हसू का मी?

वहिनी: हस, पण टेबल हलवू नकोस. मी अजून रागावलेलीच आहे. हं. पीस. आणखी एक वेढा. आता बोलू नका कुणी.

दादा: बसली?

वहिनी: बोलू नका म्हटलं ना. ही पहिली गाठ. वार्निश. आता दुसरी. मी ओढतेय, तुम्ही हात लावू नका. गेली. निसटली.

दादा: चांगली होती की.

वहिनी: परत? तोंडातून निघालंच? निसटली ती. तुमच्या डोळ्यांदेखत निसटली.

दादा: निसटली.

वहिनी: हं. पुन्हा. हे असं. मनगट खाली. बसली आता. नखाने ओढून बघा. जोरात. दया नको.

धाकटी: नाही हलत.

वहिनी: दिसायला काही खास नाही. डोकं जाड झालंय. पूर्वी केली असती तर मीच फेकून दिली असती.

धाकटी: माशाला जाड डोकं चालतं. दादाचं चालतंच आहे ना आपल्याला.

वहिनी: नदीत टिकते का ते बघायला हवं. रविवारी होडीत जागा किती आहे?

दादा: जागा? मधे ही वल्हवते, पुढे मी. मागच्या बाकावर बर्फाची पेटी असते.

वहिनी: म्हणजे इतकी वर्षं माझ्या जागेवर पेटी बसून जाते.

दादा: तूच म्हणाली होतीस, तुला पाण्याची भीती वाटते.

वहिनी: मुलं कडेवर होती तेव्हा म्हणाले होते. मुलं आपापल्या घरी गेली, त्यांना पोरं झाली. माझी भीती गेली की आहे, कुणी पुन्हा विचारलं?

धाकटी: मी म्हणत होते, दादा. तुला आठवतंय, मी म्हणत होते.

वहिनी: तू मला म्हणायचं होतंस. त्याला नाही. तुझाही हिशेब राहिलाय माझ्याकडे, विसरू नकोस. तर मी येणार रविवारी. आणि मागे नाही, पुढे बसणार. मासा माशी कशी घेतो, ती कुठे सुटते, ते पुढूनच दिसतं.

दादा: मग मी?

वहिनी: तुम्ही मागे. पेटी मांडीवर घ्या.

धाकटी: वजन मागे गेलं तर बरंच आहे, पाणी कमी आहे ना.

वहिनी: आणि डबीत फक्त माझ्या. लालभडक डोक्याची एक जरी निघाली तर होडीतून उतरून चालत घरी येईन. जी सुटेल ती माझ्यासमोर सुटू दे. कात्री इथे घरात राहील.

धाकटी: मग कुठून टाकायची होडी? पुलाखालूनच ना?

वहिनी: तुला योग्य वाटेल तिथून टाक. फक्त दगडी वळणावर थांबव. तिथे थांबायला जागा आहे का?

धाकटी: आहे. वळणाच्या आतल्या बाजूला वाळू आहे. होडी लावता येते.

वहिनी: तो तिथेच असेल का अजून?

दादा: असेल. एवढा मासा जागा सोडत नाही सहसा. ओठात तुझा गळ... नाही, गळ माझ्याकडेच आला. मी ठेवलाय तो. तुला दाखवायचा होता म्हणून.

वहिनी: कुठे ठेवलाय?

दादा: जाकिटात. आतल्या खिशात.

वहिनी: तो दिसला मला कात्रीबरोबर. मला वाटलं मोडका गळ आहे, उगाच ठेवलाय. द्या इकडे. त्याच गळावर बांधते. माप बरोबर आहे त्याचं.

दादा: चहा टाकू का मी?

वहिनी: मी टाकलाय मघाशीच. गाळणं द्या. आणि कप तिघांचे, भरून. अर्ध्याचे दिवस गेले. भांडं मी धरणार. कुणी हात लावायचा नाही, आणि कुणी खिडकीबाहेर बघायचं नाही.

(ती तिन्ही कप भरते.)

वहिनी: सांडला का?

दादा: थोडासा.

वहिनी: थोडासा?

दादा: बराच. नकाशावर. गिरणीचा धक्का पूर्ण गेला.

वहिनी: हं. आता फडकं आणा.